पोहऱ्याचा हिसका

७ नोव्हेंबर, सांगली. रात्रीचे साडेअकरा.

भावे नाट्यमंदिरातून आत्ताच आलो, मी आणि आक्का (मोठ्या जाऊबाई). ह्यांची मॅच होती. हौशी मंडळींचं नाटक, दुष्काळी गावातल्या एका घराचं. स्टेजवर आड म्हणून नुसता लाकडी कठडा. दोर नाही, पोहरा नाही, सगळं हातवाऱ्यांवर.

पहिल्या अंकात थोरला मुलगा पाणी शेंदतो. मला ते झकास वाटलं, टाळीही पडली. आक्का ढिम्म. मध्यंतरात चहा फुंकत म्हणाल्या, "त्येचा पोहरा रिकामाच वर आला की गं." मला कळेना. "पाण्यात हाय तवर पोहरा हलका असतोय. पाण्याभाईर निघाला की हिसका बसतोय. हितं." आणि हात कंबरेवर ठेवला. आक्कांचं माहेर जतकडचं. मी नळाच्या पाण्यावर वाढलेली, मी टाळी वाजवणारच.

दुसऱ्या अंकात सून आडावर येते. संवाद नाही. ओढता ओढता एका जागी तिचे खांदे गपकन खाली आले, पाय रोवला गेला, आणि त्याच क्षणी आक्कांचं कोपर माझ्या बरगडीत! बसल्या जागी दोर धरला होता त्यांनी. माझ्याही मुठी वळलेल्या. मी, जिनं जन्मात पाणी शेंदलेलं नाही! डोळे भरून आले. गंमत म्हणजे तेवढ्यातही डोकं बघत होतं की तिच्या पदराची पिन उलटी लागलीय. रडणारी एक, पिन बघणारी एक, तिकीट मात्र एकच.

परवाच रंगभूमी दिन झाला. १८४३ साली इथंच विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अललडुर्र' अशा आरोळ्या ठोकत यायचे. आतला माणूस आपल्यातलाच, हे समोरच्याला ठाऊक असणार, तरी छातीत धस्स होत असणारच.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय मला म्हणूनच आवडतो. रस आणि भाव कॉलेजात घोकून झाले होते, हा अध्याय पुढे कधीतरी हाती लागला. प्रयोग साधला की नाही, हे त्यात प्रेक्षकांकडे बघून ठरवतात. कुणी हसतं, कुणी आश्चर्यानं 'अहो' म्हणतं, कुणी हळहळून 'कष्टम्'. कुणाच्या अंगावर काटा येतो, कुणी उठून उभं राहतं, कुणी अंगावरचं वस्त्र फेकतं. ही झाली मानुषी सिद्धी. कोपराचा उल्लेख नाही. दैवी सिद्धी वेगळी: प्रेक्षागार भरलेलं, आणि आवाज नाही, चुळबूळ नाही. आज सुनेनं तो नसलेला पोहरा कठड्यावर टेकवला तेव्हा तसं झालं. मग मागच्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल वाजला, भजनाची रिंगटोन.

येताना रिक्षात आक्का गप्प होत्या. कॉलेज कॉर्नरपाशी एकदम म्हणाल्या, "त्या पोरीनं कुठंतरी शेंदलंय गं."

"शेंदलं कशाला असेल? तालीम केली असेल, आक्का. कुणीतरी दाखवलं असेल."

"न्हाई."

मी पुढं काही बोलले नाही. जिना चढताना, कठडा धरून दम खात त्या पुन्हा म्हणाल्या, "शेंदलंय तिनं."