रेघ आणि सही

गिरगावातली मामाची चाळ पुनर्विकासाला निघाली, म्हणून खोली रिकामी करायला गेलो होतो. रद्दीवाला दारात काटा घेऊन उभा, आणि मी जुन्या खोडीप्रमाणे प्रत्येक वहीतली कोरी पानं फाडून बाजूला ठेवतोय. काय करणार! दर जूनमध्ये पाठकोरे कागद सुईदोऱ्याने शिवून रफ वही करणाऱ्या घरातला मी. कोरं पान रद्दीत गेलं की अजून आईचा आवाज ऐकू येतो.

त्यातच ती लाँगबुक निघाली. पुढून दुधाचा हिशेब, मागून कविता.

मामा कविता करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळी अंकांत दोन-तीन छापूनही आल्या होत्या. मामी ‘यांचं लिहिणं’ म्हणायची, ‘यांचा खोकला’ म्हणावं तसं. दिवसा तो फोर्टातल्या एका बँकेत लेजर सांभाळायचा. तिथला दंडक असा, की चुकलेला आकडा पुसायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावरून एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी छोटी सही. मामाने कवितेतही हेच केलंय! टागोरांच्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द एकमेकांना जोडून त्यांचे पक्षी नि श्वापदं झाली. मामाच्या वहीत पक्षीबिक्षी काही नाही. सरळ रेघ, शेजारी सही. जणू उद्या ऑडिट आहे.

एका कवितेत गॅलरीतल्या दोरीवर दुपार वाळत घातलीय. आधी ‘ओली दुपार’. रेघ, सही. मग ‘ओलसर’. मग ‘आंबूस’, त्यापुढे प्रश्नचिन्ह, बहुधा मामीने नाक मुरडलं असावं. मग ‘दमट’. तोही गेला, आणि त्या सहीखाली तारीख आहे: २५ जून १९८३. त्या रात्री अख्खी चाळ तळमजल्यावरच्या एकुलत्या एका टीव्हीपुढे कोंबली होती. आम्हीही मामाकडे मुक्कामालाच गेलो होतो. कपिलने कप उचलला तेव्हा जिन्यावर थाळ्या वाजत होत्या. आणि हा वर बसून ‘दमट’ कापत होता. आठवडाभराने शेवटचा खर्डा आहे. त्यात नुसतं ‘दुपार’ उरलंय.

छापलेली कविता मी वाचली होती. एका दमात लिहिल्यासारखी वाटली होती.

मधली काही पानं एकमेकांना चिकटलीत. तुकोबांच्या वह्या तेरा दिवस इंद्रायणीत राहून कोरड्या निघाल्या म्हणतात. मामाची लोखंडी कपाटात राहूनही भिजली. मुंबईचा जुलै. अरुण कोलटकरांनी तर संग्रहाचंच नाव ‘भिजकी वही’ ठेवलं. ते काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसायचे, मामाच्या बँकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मामा कधी तिकडे फिरकला असेल असं वाटत नाही. त्याचा चहा घरून, थर्मासातून.

पानांत बेस्टची तिकिटंही निघाली, पाठीमागे एकेक शब्द लिहिलेली. एकावर ‘सावली’ आहे, कंडक्टरने मारलेलं भोक नेमकं ‘व’वर. आधी शब्द की आधी भोक, यावर मी बराच वेळ घालवला. रद्दीवाल्याने दोनदा घड्याळ पाहिलं.

गंमत म्हणजे दुधाच्या हिशेबात एकही खाडाखोड नाही.

मग शेवटाकडे, मे महिन्यातल्या एका पानावर, दीड ओळीची कविता आणि खाली एवढंच: ‘भाचा आला. ओळ गेली.’ सही नाही.

ती दुपार मला आठवते. गोळेवाल्याची घंटी ऐकून मी पैसे मागायला जिना धावत चढलो होतो. मामा कॉटवर, मांडीवर उशी, उशीवर वही. त्याने वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, “कालाखट्टा की ऑरेंज?” नुसते पैसे देऊन धाडता आलं असतं. तो स्वतः खाली आला. दोघांनी कालाखट्टा घेतला, आणि वर जाताना त्याने मला जांभळी जीभ काढून दाखवली. ओळीबद्दल एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतरची दोन पानं कोरी आहेत. ती मी फाडली नाहीत.