एका गाठीने अख्खं खानदान तपासायला लावलं

मी पॅथॉलॉजिस्ट. वर्धा आणि यवतमाळच्या मधल्या पट्ट्यात एका ग्रामीण हॉस्पिटलात काम करते. पेशंट मला सहसा माणूस म्हणून भेटतच नाही, फॉर्मॅलिनच्या बरणीत त्याचा काढलेला तुकडा येतो, सोबत एक फॉर्म येतो आणि त्या फॉर्मवर निम्म्या वेळा अक्षर लागत नाही.

कापूस वेचायचे दिवस होते, त्यामुळे ओपीडी ओस. या दिवसात लोक दुखणं अंगावर काढतात, वेचणी झाली की येतात. तरी हा पेशंट आला होता कारण आतडं जवळजवळ बंदच झालेलं. वय ३६, राळेगावकडचा शेतकरी. सर्जननी उजव्या बाजूचं मोठं आतडं काढून पाठवलं आणि फॉर्मवर लिहिलं की गाठी (म्हणजे लिम्फ नोड) मोठ्या लागताहेत, बहुतेक कॅन्सर पसरलाय. ग्रॉसिंगला, म्हणजे आलेला तुकडा डोळ्यांनी बघून कापताना, मलाही तसंच वाटलं, सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) साडेसहा सेंटिमीटरचा ट्यूमर आणि चरबीत हात घालावा तिथे टपोरा नोड. नियमाने कमीत कमी १२ शोधायचे असतात, कधीकधी तेवढ्यासाठी तास जातो, इथे मात्र न शोधता मिळत होते.

स्लाइड बघितल्या आणि चित्रच पालटलं. एकाही नोडमध्ये कॅन्सर नाही. ते फुगले होते ते नुसते लिम्फोसाइट्स, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढल्यामुळे. आणि ट्यूमरच्या कडेला तर आठवडी बाजार भरलेला, लिम्फोसाइट्सचे पुंजकेच्या पुंजके, आणि काही थेट कॅन्सरच्या पेशींच्या मधोमध घुसलेले, बारीक गर्द निळे ठिपके आणि प्रत्येकाभोवती पातळ पांढरी कड. तरुण वय, उजवी बाजू आणि एवढी गर्दी, हे तिन्ही एकत्र आलं की पॅथॉलॉजिस्टच्या डोक्यात एकच शंका येते.

माझी रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) शेजारच्या मायक्रोस्कोपवर होती, तिचा त्याच आठवड्यात सेमिनार, विषय कोलन कॅन्सर आणि इम्यून पेशी. तिने मोबाइलवर रंगीबेरंगी ठिपक्यांचे नकाशे दाखवले, सिंगल सेल सिक्वेन्सिंगचे, एकेका पेशीतली जनुकं वाचून तिची जात ठरवतात, कुठल्या मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) ट्यूमरला मदत करतात, कुठल्या टी पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) थकून गेल्यात वगैरे. सगळं खरं आहे आणि भारी आहे. पण मी तिला म्हटलं मागून सुरुवात कर. २००६ साली पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने दाखवलं की ट्यूमरच्या मध्यात आणि कडेला टी पेशी किती आहेत यावरून पेशंटचं पुढे काय होणार हे नेहमीच्या स्टेजिंगपेक्षाही (कॅन्सर किती पसरलाय त्याच्या पायऱ्यांपेक्षा) चांगलं सांगता येतं. त्यातून इम्युनोस्कोअर निघाला, सीडी३ आणि सीडी८ या टी पेशींच्या दोन खुणा रंगवून कॉम्प्युटरने मोजायचं, आणि २०१८ मध्ये १३ देशांतल्या अडीच हजारांवर पेशंटमध्ये तो पडताळला, त्यात भारतही होता. ती लगेच "मॅडम, मग आपण काढायचा का?" आमच्याकडे स्लाइड स्कॅनर नाही, लाइट गेली की मायक्रोस्कोपपण बंद. आणि खरं सांगायचं तर या पेशंटला स्कोअरची गरजच नव्हती, गर्दी साध्या गुलाबी-निळ्या स्लाइडवर डोळ्यांना दिसत होती. गर्दी का झाली हे शोधायला पाहिजे होतं.

त्यासाठी चार अँटिबॉडी पुरतात, प्रत्येक अँटिबॉडी एकेक प्रोटीन पकडते आणि ते असेल तिथे स्लाइडवर तपकिरी रंग येतो. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पेशी विभागताना डीएनएची नक्कल उतरते त्यात चुका होतात, त्या दुरुस्त करणारी ही प्रोटीन्स. दुरुस्ती बंद पडली की चुका साचत जातात, पेशी भलतीसलती प्रोटीन्स बनवायला लागते आणि शरीराला कळतं की हे आपलं नाही, म्हणून लिम्फोसाइट्स धावून येतात. मोठ्या आतड्याच्या साधारण १५ टक्के कॅन्सरमध्ये असं असतं. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ट्यूमरचा तुकडा, नागपूरला पाठवला.

रंगवलेल्या स्लाइड परत आल्या तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. एमएसएच२ ची स्लाइड लावली तर कॅन्सर पेशींची केंद्रकं फिक्की निळी, कोरी. आणि त्यांच्या मधे घुसलेले तेच लिम्फोसाइट्स मात्र ठसठशीत तपकिरी. ते तपकिरी दिसले म्हणूनच खात्री की टेस्ट नीट झालीय, प्रोटीन ट्यूमरमधूनच गेलंय. एमएसएच६ पण तसंच. ही जोडी गेली की बहुतेक वेळा दोष जन्मजात असतो, लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालत येणारा दोष, ज्यात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात होऊ शकतो.

फॉर्मवर कौटुंबिक इतिहासापुढे लिहिलेलं, काही नाही. मी वॉर्डात निरोप दिला, घरचं कोणी असेल तर पाठवा. मोठा भाऊ आला, पायात स्लीपर, दारातच उभा. बसा म्हटलं तर स्टुलाच्या कडेवर बसला.

"घरात कोणाला कॅन्सर?"

"नाही जी मॅडम, कोणालेच नाही."

"वडील?"

"बाबा तं पोटात गोया झाला अन् गेले, चाळीस-पंचेचाळीसचे असतीन. आत्याले पिशवीचा होता, नागपूरले नेऊन पिशवी काढली तरी वाचली नाही. मोठ्या काकाच्या संडासातून रगत जाये, थो बी लवकर गेला. पण कॅन्सर कोणाले नव्हता जी."

रेसिडेंटचा पेन थांबला. मी त्याच फॉर्मच्या मागे चौकोन-गोल काढायला घेतले, पुरुष चौकोन, बाई गोल, जो गेला त्यावर तिरपी रेघ. तीन पिढ्या काढल्या तर रेघाच रेघा. तो बघत होता, मग हळूच म्हणाला, "आमच्या घराण्याले करणी हाय म्हन्ते लोकं." मी म्हटलं करणी नाही भाऊ, हा दोष रक्तातून येतो, आईबापापैकी एकाकडे असला तर प्रत्येक लेकराला यायची शक्यता निम्मी, आणि आला तरी पकडता येतो. मग त्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफट्ट. हिमोग्लोबिन ८ निघालं. दम लागतो तर म्हणे फवारणीच्या औषधाने लागत असेल.

दुपारी सर्जनचा फोन, केमो लावायची का? स्टेज दोन, नोड कोरे आणि दुरुस्तीची प्रोटीन्स गेलेली, अशा पेशंटला एकट्या फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा होत नाही हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे, आणि असे पेशंट तसेही चांगले राहतात. नाही लावली. सहा महिने गावाहून येरझारा, पगार नाही, बैलजोडी विकणं, ते सगळं वाचलं.

रेसिडेंटला ओढ होती ती इम्युनोथेरपीची, आणि का असू नये. लिम्फोसाइट्सचा ब्रेक सोडवणाऱ्या या औषधांनी याच जातीच्या कॅन्सरमध्ये कमाल केलीय. २०१७ मध्ये अमेरिकेत त्यातल्या पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी मिळाली ती अवयव न बघता फक्त हा दोष बघून. २०२२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे १२ पेशंट नुसत्या डोस्टारलिमॅब या तशाच औषधावर, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी. नंतर नेदरलँड्समधल्या अभ्यासात ऑपरेशनच्या आधी दोन औषधं थोडे दिवस दिली तर १११ पैकी ७५ जणांच्या काढलेल्या आतड्यात जिवंत कॅन्सर पेशीच नाही. पण आमच्या पेशंटची गाठ आधीच निघाली होती, आणि निघाली नसती तरी खर्च लाखांत. माझं मत स्पष्ट आहे, आमच्यासारख्या ठिकाणी या सगळ्या संशोधनातून आज कामाला येणारी गोष्ट म्हणजे त्या चार अँटिबॉडी, प्रत्येक मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला, वय बघू नका. बाकी हळूहळू येईलच.

भावाची कोलोनोस्कोपी नागपूरला झाली, मोठा पॉलिप (आतड्याच्या आत वाढलेला कोंब) निघाला, दुर्बिणीतूनच काढला, कॅन्सर नव्हता. दोघांच्या रक्तातही तोच दोष सापडला. आता दर एक-दोन वर्षांनी तपासणी. चुलत भाऊपण येऊन गेले, एक तर लग्नाआधी पोरीकडच्यांना कळेल म्हणून रात्रीच्या एसटीने.

अडलंय ते बहिणीवर. ती वरोऱ्याकडे दिली आहे, वय ३१, दोन लेकरं. तिला आतड्यासोबत गर्भाशयाचीही तपासणी पाहिजे. भावाने फोन लावून दिला तर ती म्हणाली, "मॅडम, सासरी सांगू नका, मायाच घरातून आलं म्हणतीन." मी तिला सांगितलं की माहेरी भाऊबीजेला येशील तेव्हा ये, रक्त इथेच घेऊ, रिपोर्ट तुझ्याच हातात देऊ. येते म्हणाली. भावाला बजावून ठेवलंय की आणायचं काम त्याचं.