आमची वाटचाल : दारातला रातांबा दारातच विकताना

"वयनी, रातांबा हरेकाच्या दारात. तो इकत कोन घेनार?"

२०१३ च्या एप्रिलात, आमच्या कोकमाच्या धंद्याच्या पहिल्या हंगामाच्या तोंडावर, शेजारच्या काकांनी रातांब्याबद्दल, म्हणजे कोकमाच्या फळाबद्दल, हे विचारलं तेव्हा मी नुसती हसले. दारात विकायचं आमच्या डोक्यातच नव्हतं. आम्हाला मुंबई हवी होती. कोकणात धंदा काढणाऱ्याला दुसरं काय सुचणार? आंबा मुंबईला, काजू मुंबईला, मुलगे मुंबईला, मग आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, तरी इथे कशाला ठेवायचं!

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून सहा-सात किलोमीटर आत. घराभोवती रातांब्याची सव्वीस झाडं, चार फणस, दोन म्हातारे रायवळ आंबे आणि थोडा हापूस. भांडवल म्हणजे साठवलेले चाळीस हजार रुपये, दोन निळी पिंपं आणि सासूबाईंचे हात. वाडीतल्या तीन बायका कामाला आल्या. अन्न परवान्यासाठी तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी पुरायची, वर्षाची फी १०० रुपये. ते काम सोपं गेलं. त्याच नादात शेणाने सारवलेलं खळं मात्र सुटलं. आता मांडवावर स्टीलची ताटं, वर जाळी. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. खळ्यावर वाळवलेल्या सोलांना, म्हणजे आमसुलांना, वास वेगळा, म्हणतात. असेलही.

आमसुलाचं काम बघायला सोपं, करायला चिवट. रातांबा विळीवर चिरायचा, बिया आणि गर एकीकडे, साल दुसरीकडे. गरात मीठ घातलं की रस सुटतो. सालं त्या रसात बुडवून उन्हात पसरायची, सुकत आली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. आमच्याकडे पाच-सहा पुटं होतात. घाईचा माल दोन-तीन पुटांत उरकलेला असतो. तो आमटीत टाकला की आंबटपणा येतो, पण रंग येत नाही. हंगामभर आमचे हात जांभळे असतात, आणि बोटाला चीर असेल तर रस असा झोंबतो की रात्री झोप लागत नाही. लोखंडाचं भांडं या कामात चालत नाही, आंबट रस त्याला खातो. बिया व्यापारी घेऊन जातो. थोड्या आम्ही ठेवतो, त्यांचं मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल, काढून थंडीत भेगांना लावायला.

पहिली चार-पाच वर्षं मुंबई-पुण्याची. ओळखीतून ऑर्डरी, प्लास्टिकच्या बाटल्या, खोकी, एसटीचं पार्सल, पुढे कुरिअर. विकलं जायचं, नाही असं नाही. पण आगळाची बाटली, तिचं खोकं, तिला गुंडाळायचा फुगेवाला कागद आणि भाडं असं सगळं मांडलं, तर आतल्या आगळापेक्षा बाहेरचा खर्चच जास्त. नवऱ्याने वहीत तो हिशेब केला आणि वही मिटून ठेवली. मी पुढे दोन वर्षं ती उघडली नाही.

त्यातच माझी मोठी चूक झाली. दोन-तीन गिऱ्हाइकांनी कळवलं की आगळ फार खारट आहे, मीठ कमी करा. मी केलं. सासूबाई म्हणाल्या, "मीठ चवीला नाय गो, टिकायला असतं." मी ऐकलं नाही. आगळात दुसरं काहीच राखणारं नसतं, सगळी भिस्त मिठावर. मेच्या उकाड्यात ते आंबलं, फुगलं, आणि डोंबिवलीच्या एका स्वयंपाकघरात रात्री दीड वाजता बाटलीचं झाकण उडून छताला लागलं. घरातल्यांना वाटलं सिलिंडर. भिंतीवरचा जांभळा डाग निघेना, रंगकामाचे पैसे आम्ही दिले. त्या हंगामातल्या साठ बाटल्या परत मागवल्या. एका शहरी दुकानाने तर आधीचे पैसेही त्याच सबबीवर बुडवले. त्याला दिलेल्या मालात मीठ पुरेपूर होतं, पण ते भांडायचं कोणी आणि कुठे.

इथवरची गोष्ट कोकणातल्या कुठल्याही गृहउद्योगाची असते. आमची गाडी रुळ बदलली ती २०२० मध्ये.

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. कुरिअर बंद, एसटी बंद. मागच्या हंगामाचं आगळ पिंपात पडून आणि नवे रातांबे झाडावर रंगायला लागलेले. तेव्हा एक गोष्ट उघड्यावर आली जी आम्हा सगळ्यांना ठाऊक होती पण कधी बोललो नव्हतो. घाटावरचा भाजीचा ट्रक दोन दिवस आला नाही, तर आमच्या बाजारात काही उरत नाही. तालुका एवढा हिरवा, पण उन्हाळ्यात कोबी, टोमॅटो, बटाटा सगळं कोल्हापूर-कराडकडून येणार. मेमध्ये चाकरमानी परतले, शाळांमध्ये अलगीकरणात राहिले, आणि वाडीची तोंडं एकदम दुप्पट झाली.

नवऱ्याने ती वही काढली. या वेळी त्याने दुसरंच लिहिलं, कोणाकडे काय आहे. भातानंतर ओलीवर केलेला कुळीथ, चवळी, कडवे वाल बऱ्याच घरांत डब्यांत भरलेले होते. दोघांच्या विहिरीला पाणी होतं, त्यांची वांगी, मिरची, लाल माठ. एकाचं कलिंगड मळ्यातच पडलेलं, कारण उचलायला टेंपो नाही. आणि फणस, तो तर सगळ्यांकडे. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, कच्च्या गऱ्यांची भाजी, आठळ्यांची आमटी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. आमच्या आजीच्या पिढीचा मे महिना याच्यावरच निघायचा, बाजाराची वाट कोण बघत होतं? आम्ही ओसरीवर तराजू मांडला. ज्याचा माल त्याने ठरवलेला भाव, आमचे रुपयात दहा पैसे. पिशवी आपली आपण आणायची, कारण आमच्याकडे नव्हतीच.

सगळं गोड चाललं असं नाही. "शेजाऱ्याची चवळी विकत?" म्हणून एकीने तोंड फिरवलं. पूर्वी या गोष्टी दिल्या-घेतल्या जायच्या, आणि त्यांना भाव लावला म्हणून काहींना अजून राग आहे. मला तो राग पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण देणं-घेणं आधीच संपत आलं होतं. चवळी डब्यात किडत होती आणि घरात घाटावरची महागडी फरसबी शिजत होती.

मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याने काय सोसलं ते इथे परत सांगत नाही. आमची सव्वीसपैकी अकरा रातांबी आडवी झाली, एक रायवळ मुळासकट गेला, मांडवाचे पत्रे शेजारच्या परड्यात सापडले. पंधरवडाभर वीज नव्हती. फ्रीजवर काहीच अवलंबून नव्हतं, एवढंच काय ते बरं. आमसूल, आगळ, आंब्याची साठं, फणसपोळी, कुळीथ या साऱ्या उन्हाने आणि मिठाने राखलेल्या वस्तू. पिंपं दगडांनी दाबून ठेवलेली होती, ती जागची हलली नाहीत.

पुढच्या वर्षापासून आम्ही ठरवून जवळ विकायला लागलो. हद्द आखली ती नवऱ्याच्या स्कूटरने: सकाळी निघून जेवायला परत येता येईल तेवढं अंतर. यात दापोली शहर आलं, हर्णे, मुरुड, कर्दे, आंजर्ले आलं. किनाऱ्यावर मेमध्ये पर्यटकांची रीघ असते आणि घरगुती निवासवाले पाहुण्यांना काय देतात, तर कंपनीचं रंगीत थंड पेय. मागे परड्यात रातांब्याचा सडा पडलेला असायचा, माश्या बसलेल्या. एका निवासवाल्या काकूंना मी हे म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मला काय हौस आहे? पन्नास पाहुणे, कोकम फोडत बसू की भाकऱ्या थापू?" खरंच होतं. फळ दारात असणं आणि वेळ हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी. शेजारच्या काकांच्या २०१३ च्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. लोक रातांबा विकत घेणार नाहीत, पण तो चिरण्याचे, मीठ लावण्याचे, आठ दिवस ढवळण्याचे पैसे आनंदाने देतील.

काकूंकडे दोन बाटल्या अमृत कोकम ठेवून आले. सालीच्या दुप्पट साखर, सात दिवस ऊन, बाकी काही नाही. एका पेल्याला दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ, जिरेपूड. आठवड्याने त्यांचाच फोन आला. आता अशा एकोणीस ठिकाणी आमचं कोकम जातं, आणि तीन खानावळींत सोलकढीसाठी आगळ. ते घरगुती घेणाऱ्यांना देतो त्याच खारटपणाचं, आणि खारट आहे अशी तक्रार इथे कोणी करत नाही.

प्लास्टिक आम्ही तेव्हाच सोडलं. काचेची बाटली, वीस रुपये अनामत, रिकामी दिली की परत. मुंबईला हे कधी जमलं नसतं, स्कूटरच्या टप्प्यात जमतं. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी परत येतात, काहींत मनीप्लांट लावलेला दिसतो. आमसूल मात्र कागदी पिशवीत चालत नाही. मिठामुळे ते हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात कागद भिजून फाटतो. म्हणून घरून बरणी आणा, असं सांगतो. चार बायका बरणी आणतात, पाचवी रागावून जाते.

काचेचं एक कोणी बोलत नाही, ते पाणी. बाटली धुवायला पाणी लागतं, आणि बाटल्या परत येतात नेमक्या मेमध्ये, विहीर तळाला गेलेली असताना. पहिल्या वर्षी मी बिनधास्त धुतलं आणि सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. आता तीन टोपं ओळीने असतात. शेवटच्या टोपात स्वच्छ पाणी. त्यातून बाटली काढली की तेच पाणी उद्या मधल्या टोपात, परवा पहिल्यात, आणि शेवटी आळवाच्या वाफ्यात. मग उकळती वाफ. तरी एका बाटलीमागे दीड लिटर जातंच. पर्यावरणासाठी काच, असं कोणी मला पोस्टरवर लिहायला सांगितलं तर मी आधी विहिरीची खोली विचारेन.

पडलेल्या अकरा झाडांच्या जागी काय लावलं, हेही सांगायला हवं. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी. बी लावली तर सात-आठ वर्षं वाढवायची आणि मोहरल्यावर कळणार की हा नर आहे. आमच्या सासऱ्यांनी लावलेल्यांत असे पाच निघाले होते. आम्ही या वेळी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून 'कोकण अमृता'ची कलमं आणली. ती लवकर पिकते, म्हणजे पावसाच्या आत हाती लागते. दोन नर मात्र मुद्दाम राखलेत, परागासाठी.

पावसाच्या आत, हे शब्द २०२५ मध्ये चांगलेच महागात पडले. मृगाला येणारा पाऊस त्या वर्षी २० मेच्या सुमारासच सुरू झाला आणि २५ तारखेला तर मोसमी पाऊसच तळकोकणात दाखल झाला. आमचे निम्मे रातांबे झाडावर. भिजलेली साल सुकत नाही, बुरशी धरते. मांडवावरची दुसऱ्या पुटाची सोलं घरात आणून पंख्याखाली पसरली, माळ्यावर, ओसरीवर, शेवटी पलंगावर. आठ-दहा दिवस आम्ही जमिनीवर झोपलो. तरी निम्मी टाकली.

गणपतीपर्यंत आगळ संपलं. दिवाळीच्या सुट्टीसाठी निवासवाले मागू लागले. एका व्यापाऱ्याने तयार कोकम सिरप देऊ केलं, आमच्या भावाच्या अर्ध्यात, वर आमचं लेबल लावायचं. रंग असा लालभडक की रातांब्यालाही लाज वाटावी. नको म्हटलं. दोन निवासवाले सुटले, पैकी एकाने त्याच व्यापाऱ्याचा माल घेतला आणि पाहुण्यांना "घरचं कोकम" म्हणूनच देतो. त्याच्या दारात तीन रातांबी आहेत.

त्या वर्षी फणसपोळी आणि कुळीथ पिठाने हात दिला. बायकांची मजुरी कापली नाही, आमच्या दोघांच्या हाती मात्र काही उरलं नाही. आता सौर वाळवणी यंत्र घ्यायचं चाललंय. कर्ज काढायचं की छोटं घरच्या घरी बांधायचं, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत व्हायचंय. सासूबाईंचं तिसरंच मत आहे.

माळ्यावर दोनशे दहा रिकाम्या बाटल्या उलट्या घालून ठेवल्यात. झाकणं तेवढी मागवायची आहेत.