आमची वाटचाल : थोडं एचटीएमएल, पुष्कळ फॉर्म

वेबसाईट हवी म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना खरं म्हणजे फॉर्म हवा असतो. पतसंस्थेला कर्जाचा अर्ज, देवस्थानाला अभिषेकाचं बुकिंग, मांद्रे-मोरजीच्या गेस्ट हाउसला पाहुण्यांची नोंद. फोंड्याला वरच्या बाजारात दोन टेबलं मांडून आम्ही बसलो, तेव्हा होमपेजवरच्या फिरत्या फोटोंची मागणी मोठी असायची. नंतर त्या फोटोंबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. फोन यायचे ते फॉर्मविषयीच.

धंद्याला वळण लागलं २०१७ साली. जीएसटी आला आणि होलसेलवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना एक नवा रकाना हवा झाला, जीएसटी नंबरचा. हा नंबर १५ अक्षरी. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे चक्क पॅन, आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं. म्हणजे जीएसटी नंबर घेतला की पॅन पुन्हा विचारायचं कारणच उरत नाही. हा रकाना आम्ही एकदाच, बैठक मारून लिहिला. लेबल, चौकट, खालची सूचना, चुकलं तर लाल ओळ, सगळं त्याच्यातच. पानात घालायला एक टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली एक खूण, पुरे. पुढच्या गिऱ्हाइकालाही तोच दिला. मग मोबाईल, पिनकोड, बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड, तालुका असे एकेक तयार होत गेले. ऑफिसात आम्ही त्यांना नुसतं 'तुकडे' म्हणतो.

सुरुवातीचे तुकडे म्हणजे साधी पीएचपी फंक्शनं, सर्व्हरवर चालणारे छोटे प्रोग्रॅम, होती. २०१८ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरमध्येही कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण स्वतः बनवलेले टॅग, आले, तेव्हा आम्ही तिकडे वळलो. टॅगच्या आतलं सगळं बाकीच्या पानापासून अलग ठेवणारा शॅडो डॉम मात्र मुद्दाम टाळला. त्यात आतल्या इनपुटला, म्हणजे भरायच्या चौकटीला, बाहेरचं लेबल जोडता येत नाही, आणि आत भरलेलं फॉर्मबरोबर आपोआप जातही नाही. आमच्या टॅगच्या पोटात सर्व्हरच साधं लेबल आणि साधं इनपुट लिहून पाठवतो, ब्राउझरमध्ये चालणारी स्क्रिप्ट फक्त वरची तपासणी करते. वाळपईच्या पुढे रेंज गेली आणि स्क्रिप्ट उतरलीच नाही, तरी रेंज आल्यावर अर्ज जातो. मोठमोठे फ्रेमवर्क, साईट बांधायचे तयार सांगाडे, घ्या म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. पतसंस्थेच्या अर्जाला ते कशाला लागतात, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावाच्या रकान्याने. 'फक्त इंग्रजी अक्षरं चालतील' असा नियम बऱ्याच तयार फॉर्मांत असतो. एका संस्थेच्या जुन्या अर्जात डि'सोझा, डि'सा मंडळींना स्पेलिंगमधली अपॉस्ट्रॉफी गाळावी लागे, मग नाव पासबुकाशी जुळत नसे. गोव्यात असा फॉर्म ठेवायचा म्हणजे अर्ध्या सासष्टी तालुक्याला दारातून परत पाठवायचं! देवनागरीची तऱ्हा वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना, मात्रा, अनुस्वार अक्षरांत मोडत नाहीत, त्यांचा 'मार्क' म्हणून वेगळा गट आहे. नुसती अक्षरं घ्या म्हटलं की 'कमल' पास आणि 'गोविंद' नापास. आमचा तुकडा दोन्ही गट घेतो. पत्त्यातून 'स्ट्रीट' काढून 'वाडा' घातला, तेव्हा तर पंचायतीच्या एका क्लार्कबाईंनी फोन करून 'बरें केलें' म्हटलं.

मोबाईलला आम्ही नंबर प्रकारचं इनपुट वापरत नाही. माउसचं चाक चुकून फिरलं की त्यातला आकडा बदलू शकतो. साधं टेक्स्ट ठेवून 'इनपुटमोड' ही सेटिंग 'न्यूमरिक' केली की फोनवर आकड्यांचा कीपॅड येतो. कोणी देवनागरी आकडे टाकले तर ते मागच्या मागे बदलून घेतो.

पैशांची बोलणी मात्र कठीण झाली. एका हॉटेलमालकांनी पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला नि म्हणाले, "बाब, ह्यात धड वीस ओळी नाहीत. ह्याचे एवढे पैसे?" परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागे, आणि त्यांच्या काउंटरवर तारखांचा घोळ चालायचा. ब्राउझरची भाषा अमेरिकन इंग्रजी असली की तयार तारीख-रकाना महिना आधी दाखवतो. पाच जून की सहा मे, हे काउंटरवरच्या पोराने ओळखायचं कसं? आम्ही दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी दिल्या, महिना नावाने. मी त्यांना म्हटलं, "साहेब, ओळी मोजू नका. त्या पोराला विचारा." त्यांनी विचारलं, आणि बिल भागवलं.

तेव्हापासून कोटेशन ओळींवर नाही, रकान्यांवर देतो. वर वर्षाची देखभाल वेगळी. नियम बदलला की तुकडा एकदाच दुरुस्त करायचा, सगळ्या गिऱ्हाइकांकडे तो बदलतो. घरखर्च खरा चालतो तो ह्या देखभालीवर.

आता फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेली एक मुलगी तुकड्यांचं काम बघते. अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून प्रत्येक तुकडा ऐकून तपासायची शिस्त तिची. चूक झाल्याचा संदेश नुसता लाल करून भागत नाही, तो वाचून दाखवला गेला पाहिजे, यावर ती अडून बसते, आणि बरोबरच आहे. फाईल अपलोडचा तुकडा तेवढा तिने नापास करून ठेवलाय. तो चवथीच्या सुट्टीनंतर हातात घ्यायचा आहे.