पावसाळ्यापूर्वीची तयारी : प्लगपासून कार्बनपर्यंत

पुस्तकांच्या कपाटाचा सांगाडा उभा राहिला आहे आणि फळ्याही कापून तयार आहेत. मात्र पुढचे काम हाती घेण्यापूर्वी मी लाकूड बाजूला ठेवून केवळ यंत्रांकडे लक्ष दिले. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर असल्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या बंदिस्त बाल्कनीतली हवा ओलीच असते, आणि ओल व वीज एकत्र येण्यापूर्वी तपासणी झालेली बरी. आपण पात्यांची आणि बिटांची चर्चा पुष्कळ करतो. परंतु प्लगपासून मोटरच्या कार्बनपर्यंतचा (म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपर्यंतचा) विजेचा मार्ग मला अधिक काळजीचा वाटतो, कारण तिथला बिघाड सहसा डोळ्यांना दिसत नाही.

प्लग काढून ठेवून प्रत्येक यंत्राची केबल मी टोकापासून टोकापर्यंत बोटांमधून सरकवत पाहिली. केबल बहुधा मध्येच तुटत नाही; ती मुठीत जिथे शिरते तिथे, रबरी बाहीपाशी, वारंवार वाकून तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. ड्रिलच्या केबलचा तिथला बोटभर भाग चिमटीत धरल्यावर बाकीच्या केबलपेक्षा मऊ लागला, आणि मल्टिमीटर लावून तो हलवताच आकडा उड्या मारू लागला. अशा जागी टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. तेवढा भाग कापून मी केबल नव्याने आत घेतली आणि तिला पकडून ठेवणारी पट्टी दोन्ही स्क्रूंसह पूर्ववत आवळली, कारण केबलला ओढ बसली तर ती त्या पट्टीने सोसावी, तारांच्या जोडांनी नव्हे. ज्या यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते, त्याचे इन्सुलेशन दुहेरी असते आणि त्याला अर्थिंगची तार नसते. असे यंत्र उघडले तर आतली प्रत्येक तार मूळच्या खाचेतच परत बसली पाहिजे.

एक्स्टेन्शन बोर्डाबाबत मी थोडे गणित केले. माझी सर्क्युलर सॉ १,४०० वॅटची असून २३० व्होल्टवर ती सुमारे ६ अँपिअर घेते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या १५ मीटर केबलमध्ये जाण्यायेण्याचे मिळून ३० मीटर तांबे येते, त्याचा रोध ०.८ ओहमच्या आसपास भरतो, आणि पूर्ण भारावर त्या केबलमध्ये जवळपास २८ वॅट उष्णता निर्माण होते. केबल उलगडलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते, पण रिळावर गुंडाळलेली असेल तर ती आतच कोंडते आणि आवरण मऊ पडू लागते. म्हणून नवा बोर्ड २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन-कोअर केबलचा आणि १६ अँपिअर प्लगचा बनवला. त्यात तीच उष्णता ९ वॅटच्या आत राहते. तरीही काम करताना केबल पूर्ण उलगडायचीच, हा नियम मी सोडणार नाही.

बाल्कनीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे. त्याचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का, हे पाहिले. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा स्विच, वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मात्र फेज आणि न्यूट्रल यांना एकाच वेळी स्पर्श झाला आणि जमिनीकडे गळती झाली नाही, तर आरसीसीबीसुद्धा पडत नाही.

ग्राइंडरच्या झरोक्यातून कम्युटेटरभोवती (मोटरच्या फिरत्या भागावरच्या, कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलाभोवती) नेहमीपेक्षा लांब ठिणग्या दिसत होत्या. कार्बन काढून पाहिले, तर एक सुमारे ५ मिलिमीटर उरला होता आणि दुसरा बराच लांब होता. वागळे इस्टेटमधल्या मिस्त्रींनी, “काका, एकच बदलू नका, जोडीच घाला,” असे सांगितले. ते योग्यच आहे, कारण दोन्ही बाजूंचा दाब सारखा नसेल तर ठिणग्या वाढतात आणि कम्युटेटर जळतो. कम्युटेटरवरचा तपकिरी थर मी पॉलिश पेपरने घासला नाही. तो सारखा आणि गुळगुळीत असेल तर निरोगी कम्युटेटरचे लक्षण आहे. आतली काळी पूड मात्र मास्क लावून ब्लोअरने पूर्ण काढली, कारण कार्बनची पूड वीजवाहक असते आणि दमट हवेत ती साचून राहिली तर दुहेरी इन्सुलेशनचा उपयोग उरत नाही. नवे कार्बन सुरुवातीला थोड्या ठिणग्या देतात, म्हणून यंत्र काही मिनिटे बिनभाराचे चालवून त्यांना कम्युटेटरची गोलाई घेऊ दिली.

डिस्कचे काम लवकर आटोपले. रेझिनच्या कटिंग डिस्कवर मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. रेझिन ओल धरते, म्हणून ही तारीख आपल्या हवेत विशेष गांभीर्याने घ्यावी. मुदत संपलेल्या डिस्क मी तोडूनच टाकल्या, म्हणजे भंगारातून उचलून कोणी त्या वापरणार नाही. डिस्कवर छापलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असावा लागतो. माझा ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो आणि १०० मिलिमीटरच्या डिस्कवर साधारण १५,००० च्या पुढचा आकडा असतो. गार्ड काढून मोठी डिस्क बसवणाऱ्यांनी त्या मोठ्या डिस्कवरचा आणि यंत्रावरचा असे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

वीज गेली की यंत्राचे स्विच-लॉक (स्विच दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवणारे बटण) सोडवून प्लग काढायचा, अशी सूचना बोर्डाशेजारी लिहून लावली आहे, कारण लॉक तसेच राहिले तर वीज येताच यंत्र आपोआप फिरू लागते.

सँडरचा आवाज खरखरीत झाला असून दोष मागच्या ६०८ क्रमांकाच्या बेअरिंगचा आहे. लाकडाच्या भुशात धातूच्या झाकणापेक्षा रबरी सीलचे बेअरिंग अधिक टिकते, म्हणून तेच आणणार आहे. तोपर्यंत फळ्यांच्या कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हातानेच घासत आहे.