तिसऱ्या फेरीनंतर

तिसऱ्या फेरीची घंटा झाली, आमचा हेवीवेट बॉक्सर कोपऱ्यात आला आणि स्टुलावर बसलाच नाही. दातांवरचं गमशिल्ड माझ्या तळहातावर टाकलं, दोन्ही ग्लोव्हज पुढे धरले आणि म्हणाला, "झालं ना, दादा?"

लढत सहा फेऱ्यांची होती. खांदे दाबून त्याला खाली बसवलं. प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सर म्हणून त्याची ही पहिलीच लढत. सहा फेऱ्या आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, सरावात त्याहून जास्त फेऱ्या त्याने काढल्या होत्या. पण अमॅच्युअर, म्हणजे हौशी बॉक्सिंगमध्ये कित्येक वर्षं खऱ्या लढतीत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या संपल्या की ग्लोव्हज सुटायचे, आणि दिव्यांखाली अंगाने तोच हिशेब धरला. ते पुढे केलेले हात अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मी कटमॅन. लढतीआधी हात बांधायचे, दोन फेऱ्यांमधल्या मिनिटात जखमा आणि सूज बघायची. बाहेरच्यांना वाटतं आमचं काम रक्त पुसण्याचं. खरं तर अर्धं काम ड्रेसिंग रूममध्येच झालेलं असतं. अमॅच्युअरमध्ये त्याच्या वजनाला 12 औंसांचे ग्लोव्हज, प्रोमध्ये 10 औंसांचे. आतला भराव कमी, त्यामुळे समोरच्याला जास्त लागतं तसं स्वतःच्या मुठीलाही जास्त लागतं. त्याला कापडी पट्टी गुंडाळायची सवय. इथे गॉज, म्हणजे जाळीदार मऊ कापड, आणि टेप. मनगटापासून सुरुवात, अंगठ्याच्या बुडाला आधार, मुठीच्या गाठींवर गॉजच्या घड्या, बोटांच्या बेचक्यांतून टेपच्या बारीक पट्ट्या. गाठींवर टेप चढू द्यायची नाही. मूठ उघडी असताना पट्टी सैल वाटली पाहिजे आणि मिटल्यावर भरली पाहिजे. हे सगळं समोरच्या कोपऱ्यातला माणूस उभा राहून बघतो आणि शेवटी निरीक्षक पट्टीवर सही करतो. त्या दिवशीची बांधणी माझ्या चांगल्या कामांपैकी होती. लढतीनंतर पट्ट्या कापल्या तेव्हा गाठींवर साधी सूजही नव्हती.

अमॅच्युअरमध्ये सर्वांत वरचा गट 2024 च्या ऑलिंपिकमध्ये 92 किलोंच्या पुढचा होता. प्रोमध्ये 200 पौंडांच्या, म्हणजे साधारण 90.7 किलोंच्या वर गेलं की हेवीवेट. वजनात त्याला काहीच बदलायचं नव्हतं, म्हणून बाकीचंही फारसं बदलायचं नाही असं आयोजकांनी धरलं. कोच पहिली लढत चार फेऱ्यांची मागत होते. आयोजकांना पोस्टरवर 'सहा फेऱ्या' हवं होतं. पीट रॅडमाकरने 1956 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि 1957 मध्ये पहिलीच प्रो लढत थेट फ्लॉइड पॅटरसनशी, जगज्जेतेपदासाठी खेळली. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडलं, आणि सहाव्या फेरीत स्वतः नॉकआउट झाला. व्लादिमिर क्लिच्कोला तर कुणी घाईने वर ढकललं असं म्हणता येणार नाही. 1996 चं सुवर्ण, त्यानंतर सलग 24 विजय, आणि तरी 1998 मध्ये रॉस प्युरिटीसमोर अकराव्या फेरीत दम संपल्याने तो हरला. कोचनी हे सगळं बैठकीत सांगितलं. आयोजकांनी ऐकून घेतलं, एवढंच.

समोर जो आणला होता त्याच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त. अशा माणसाला 'हरायला आणलेला' म्हणतात, आणि ते ऐकलं की मला राग येतो. त्या रात्री रिंगमधला सर्वांत जाणता माणूस तोच होता. पहिल्या दोन फेऱ्या त्याने आमच्या पोराचे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, अंगावर घेतले आणि प्रत्येक वेळी क्लिंचमध्ये, म्हणजे मिठीत, शिरून मानेवर सगळं वजन टाकलं. अमॅच्युअरमध्ये रेफरी लगेच सोडवतो, त्यामुळे क्लिंचमध्ये लढायची आमच्या पोराला सवयच नाही. तो हात सैल सोडून 'ब्रेक'ची वाट बघत राहिला. शंभर किलोंवरचा माणूस मानेवर रेलला की पाय आधी संपतात. प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, त्यांना वाटलं काही घडतच नाही.

चौथ्या फेरीत तशाच एका क्लिंचमधून डावी भुवई फुटली. डोकं लागलं होतं, मी माझ्या बाजूने स्पष्ट पाहिलं. रेफरी पलीकडे होता, त्याने ठोसा म्हणून नोंद केली. फरक मोठा आहे. चुकून डोकं लागून चार फेऱ्यांनंतर लढत थांबली, तर बहुतेक नियमांत तोवरच्या गुणांवर निकाल लागतो. ठोशाने फुटलेल्या जखमेमुळे थांबली तर तांत्रिक नॉकआउट, थेट पराभव. त्या भुवईवर आता सगळी लढत होती.

हातात मिनिट असतं, पण खरं काम त्याहून कमी वेळात. आधी कोरड्या गॉजने पुसून जखमेचं तोंड शोधायचं. मग 1:1000 अ‍ॅड्रिनलिनमध्ये भिजवलेली कापसाची काडी थेट आत, आणि बोटाने दाब. हलवायचं नाही, उचलून बघायचं नाही. रक्त थांबल्यावरच व्हॅसलिन. कोच तेवढ्यात एकच वाक्य बोलले: "तो रेलला की पोटात मार." डॉक्टर वर आले, पापणी उचलून पाहिली. चीर भुवईच्या बाहेरच्या टोकाला होती, पापणीवर उतरली नव्हती. त्यांनी लढत चालू ठेवली.

पाचव्या फेरीत जखम टिकली. सहाव्यात पुन्हा वाहू लागली, तोवर पोर क्लिंचमध्ये पोटात मारायला लागलं होतं. गुणांवर आम्ही जिंकलो, थोडक्यात.

टाके पडले, डॉक्टरांनी वैद्यकीय बंदी लिहिली. आयोजक पुढची लढत आठ फेऱ्यांची म्हणतायत. मला राहून राहून वाटतं, जखम धरली नसती तर कागदावर पराभव लागला असता, पण कोचचं म्हणणं निदान कुणी ऐकलं असतं. काम मी चोख केलं, आणि त्याच कामामुळे आयोजकांना वाटतंय की पोर तयार आहे. कोच त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहेत. या वेळी मीही जाणार आहे, आणि तिसऱ्या फेरीनंतर त्याने हात का पुढे केले ते सांगणार आहे.