दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन औंधचं म्युझियम (पुण्यातलं औंध नव्हे!)

आधीच सांगते, मॅपवर नुसतं औंध टाकलंत तर पुण्यातच फिरत बसाल. हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीसेक किलोमीटर. आम्ही साताऱ्याला आत्याकडे दिवाळीला गेलो होतो, फराळ खाऊन पोरं मोबाईलला चिकटलेली, म्हणून भाऊबीजेनंतर एका सकाळी उठून निघालो. थोरला दहाचा, धाकटी सहाची.

श्री भवानी म्युझियम हे यमाई देवीचं देऊळ असलेल्या डोंगरावर निम्म्या वाटेत आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये ते उभं केलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे ते हेच, आणि स्वतः चित्रकार, रामायणावर त्यांनी आख्खी चित्रमालिका काढलीय. एका छोट्या संस्थानाच्या राजाने गोळा केलेला संग्रह म्हणून मी फार अपेक्षा न ठेवता गेले होते, आणि आत राजा रविवर्मांचं सैरंध्रीचं (म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीचं) चित्र बघून गप्पच झाले, कॅलेंडरवर बघितलेले रविवर्मा वेगळे आणि हे वेगळे.

आता पोरांचं. आत अशी मुलांसाठी खास अ‍ॅक्टिव्हिटी वगैरे कुणी घेतली नाही, आम्हीच केली. घरून दोन कोऱ्या वह्या, मऊ पेन्सिली, खोडरबर आणि टोकयंत्र नेलं होतं. रंग मुद्दाम नाही नेले, चुकून सांडले तर काय तोंड दाखवणार. पाण्याच्या बाटल्याही गाडीतच ठेवल्या. आत गेल्यावर तिथल्या माणसाला आधी विचारून घेतलं, मुलं बसून चित्र काढतील तर चालेल ना, ते हो म्हणाले, फक्त कशाला हात लावू नका. तुम्हीही विचाराच, आणि फोटोचंही तिथेच विचारून घ्या.

पहिली चूक माझीच. सगळं दाखवायचं म्हणून भराभर दालनं फिरवली, अर्ध्या तासात दोघं कंटाळली. मग नियम केला की प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर बसायचं. थोरला सैरंध्रीसमोर बसला आणि नुसते हात काढले, चेहरा नकोच म्हणाला. ती रडवेली का आहे विचारलं म्हणून मग अज्ञातवास, विराटाचा राजवाडा, कीचक सगळं सांगावं लागलं, मधे मलाच आठवेना तेव्हा नवऱ्याने पुढचं सांगितलं. धाकटीने हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प निवडलं. हो, इंग्लंडचे ते मोठे शिल्पकार, त्यांचं काम खटाव तालुक्यात आहे! तिने दोन बटाटे एकमेकांना चिकटलेले काढले आणि खाली लिहिलं 'आई'. मी काही बोलले नाही.

चंदन आणि हस्तिदंतावरचं कोरीवकामही आहे, ते लहान मुलांना उचलून दाखवावं लागतं, हात भरून येतात. लघुचित्रांसमोर 'हत्ती कुठे, पोपट कुठे' खेळलो, धाकटी तिथे अर्धा तास रमली. सहा वर्षाच्या पोराला दोन तास पुरे, त्यापुढे ओढू नका.

जाताना सकाळी लवकर निघा आणि म्युझियम आधी करा, देऊळ नंतर, कारण देवळाच्या पायऱ्या चढून दमलेली पोरं पेन्सिल हातात धरत नाहीत. डोंगरावर वरपर्यंत गाडीही जाते, त्यामुळे आजी-आजोबांना न्यायला हरकत नाही. दिवाळीत म्युझियम उघडं आहे का हे निघायच्या आधी नक्की खात्री करून घ्या, आमच्या ओळखीचे एकजण दारातून परत आले होते. जेवण घरूनच न्या. आत्याने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, देवदर्शन झाल्यावर डोंगरावरच एका झाडाखाली बसून खाल्ली, वारा इतका की वर्तमानपत्र धरायला एक माणूस लागला. खाली गावात दुसरं यमाईचं देऊळ आहे, तिथली भलीमोठी दीपमाळ बघायला विसरू नका, थोरल्याने वहीचं शेवटचं पान तिच्यासाठी ठेवलं होतं आणि ती पानात मावेना म्हणून वही आडवी काय उभी काय, शेवटी दोन पानं जोडून काढली.